आईबाबांना घेऊन डार्टमूरवर सोपा चढ कुठला? माझं उत्तर: हेटॉर

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात टॉर्कीला, म्हणजे इंग्लंडमध्ये डेव्हनच्या किनाऱ्यावर, भाड्याने घर घेतलंय, साताऱ्याहून आईबाबा आलेत, बाबा 68 चे आणि त्यांचा एक गुडघा उतरताना दुखतो, आई 64 ची, मुलगी सहा वर्षांची, आणि एक दिवस सगळ्यांना मूरवर, म्हणजे डार्टमूरच्या उघड्या डोंगराळ माळरानावर, पायी न्यायचंय, पण कोणी दमायला नको आणि कोणी हरवायला नको. मी डेव्हनमध्ये बरीच वर्षं राहतोय आणि उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आईबाबा, मावश्या, आत्या यांना घेऊन डार्टमूरवर फिरणं हे माझं नेहमीचं काम झालंय, त्यामुळे थोडं सविस्तरच लिहितो.

सरळ सांगायचं तर हेटॉर, माथ्यावर मोठे उघडे खडक असलेली टेकडी. बाकी कुठेही पहिल्याच दिवशी नेऊ नका. टॉर्कीहून गाडीने पाऊण तास धरा, बव्ही ट्रेसी गावातून बी 3387 रस्ता वर चढतो, गुरं अडवायला रस्त्यात बसवलेल्या लोखंडी दांड्यांवरून गाडी खडखडत गेली की समजायचं मूर सुरू झालं. खालच्या पार्किंगला गाडी लावा, कारण टॉयलेट आणि नॅशनल पार्कचं माहिती केंद्र तिथेच आहे. वरचं पार्किंग खडकाला जास्त जवळ आहे पण ज्येष्ठ मंडळी आणि लहान मूल सोबत असताना टॉयलेट जवळ असणं हे पाचशे पावलं वाचण्यापेक्षा महत्त्वाचं, हे मी अनुभवाने सांगतोय. पार्किंगचे पैसे पडतात, कार्ड जवळ ठेवा.

आता बाबा नक्की विचारतील की उंची किती. 457 मीटर. साताऱ्याचा माणूस हा आकडा ऐकून म्हणणार की एवढंच होय, त्यांच्या गावाचीच उंची याहून जास्त आहे! आणि चढ खरंच काही नाही, पार्किंगपासून खडकापर्यंत शंभरेक मीटर उंची चढायची, तीही आखूड गवताच्या रुंद उतारावरून, पायऱ्या नाहीत, झुडपं नाहीत, दरी नाही. अजिंक्यताऱ्याच्या चढाच्या निम्म्याहून कमी. खडक पहिल्या पावलापासून समोर दिसत असतो. बाबांच्या वेगाने, दोन वेळा थांबून, अर्धा तास.

पण माझं सगळं सांगणं इथेच आहे ताई, मूरवर चढ मोजून उपयोग नाही, हवा मोजावी लागते. आपल्याकडे डोंगर म्हटला की आपण उंची, चढण, पायऱ्या, घाम याचा हिशोब करतो, पाणी किती न्यायचं, ऊन किती चढेल. इथे उलट. टॉर्कीच्या बीचवर लोक आइस्क्रीम खात असतात आणि त्याच वेळी हेटॉरवर तीनेक डिग्री कमी असतं, वर वारा सलग अंगावर येतो कारण त्याला अडवायला एक झाड नाही, आणि त्या वाऱ्यात पाच मिनिटं उभं राहिलं की घामेजलेली पाठ बर्फासारखी होते. मी पाहिलेल्या ज्या ज्या फेऱ्या बिघडल्या त्यातली एकही चढामुळे बिघडली नाही. प्रत्येक वेळी वारा, नाहीतर धुकं, नाहीतर ओले पाय.

म्हणून कपडे. बाबांची कानटोपी आणली असेल तर जुलै असला तरी बॅगेत टाका, मनापासून सांगतोय. प्रत्येकाला एक विंडचीटर, पाऊस अडवणारं, टोपीवालं. छत्री गाडीतच ठेवा, वर ती पहिल्या झोतात उलटी होते. जीन्स घालू नका, एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि जड होते. आई साडी नेसणार असतील तर... साडीत वर गेलेल्या आज्या मी पाहिल्यात, त्या काही अडल्या नाहीत, पण वाऱ्यात पदर आणि निऱ्या सांभाळण्यातच सगळा वेळ जातो आणि समोरचं बघायचं राहून जातं, त्यामुळे पंजाबी ड्रेस किंवा पँट, आणि ओढणी नको. पायात चांगल्या ग्रिपचे स्पोर्ट्स शूज या फेरीला पुरतात, बूटच हवेत असं नाही, चपला-सँडल मात्र नको. एक मोज्यांची जोडी जास्तीची. बाबांसाठी हातात धरायची काठी, ती चढताना नाही तर उतरताना लागेल, दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायला सांगा.

वेळ. सगळे लोक अकरा ते तीनमध्ये येतात, पार्किंग भरतं, खडकावर पोरांची गर्दी होते. तुम्ही एकतर सकाळी नऊला पोचा किंवा, मला विचाराल तर, संध्याकाळी साडेपाचला. जुलैअखेर सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे तुमच्याकडे तीन तास मऊ उजेड आहे, आणि तिरक्या उन्हात मूरचे सगळे उंचवटे, जुन्या दगडी बांधांच्या ओळी उठून दिसतात जे दुपारी सपाट दिसतं. आईबाबांना रात्री आठला ऊन बघायचं अप्रूप असतं ते वेगळंच.

वर पोचल्यावर दोन मोठे खडक आहेत, मधून वाट जाते. पूर्वेकडच्या मोठ्या खडकावर 19व्या शतकात पर्यटकांसाठी पायऱ्या खोदल्या होत्या, त्यांचे झिजलेले खाचे अजून आहेत आणि लोक त्यावरून माथ्यावर जातात. बाबांना जाऊ देऊ नका. चढता येतं पण उतरताना त्याच गुडघ्यावर सगळा भार येतो आणि धरायला काही नाही. मुलीला न्यायचं तर कोरडं असेल तेव्हाच, एक मोठा माणूस खाली आणि एक वर. खरं म्हणजे न चढताही काही बिघडत नाही, खडकाच्या पायथ्यापासूनच आग्नेयेला टीन (Teign) नदीची खाडी आणि त्यापलीकडे समुद्र दिसतो, आणि पाठीमागे पश्चिमेला मूर लाटांसारखं पसरलेलं. मी पाहुण्यांना खडकाच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशा बाजूला बसवतो आणि थर्मासमधला चहा काढतो.

तिथे बसल्यावर बाबांना दगडाला हात लावायला सांगा. हा ग्रॅनाइट आहे, सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली खोल सावकाश थंड झालेला, म्हणून त्यात पांढरे मोठे मोठे स्फटिक डोळ्यांनी दिसतात, बोटाच्या पेरापेक्षा मोठेसुद्धा. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट हा लाव्हा वर येऊन पसरून पटकन थंड झालेला, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणून त्याचा कण बारीक. म्हणजे इथला दगड आपल्या बेसॉल्टपेक्षा चौपट जुना. आमच्याकडे आलेले एक निवृत्त भूगोलाचे मास्तर या एका गोष्टीवर अर्धा तास बोलत होते, त्यांना खडक सोडवत नव्हता.

आणि आई विचारतील की इथे झाडं का नाहीत, सगळेच विचारतात. पूर्वी होती. हजारो वर्षांपूर्वी माणसांनी ती जाळून-तोडून गुरांसाठी मोकळी केली, त्यांनी घातलेले दगडी बांध डार्टमूरवर मैलोन्मैल सापडतात, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे. मग सततच्या पावसाने मातीतला कस धुऊन नेला, जमीन आंबट झाली, खोलगट भागात पाणी साठून पीट म्हणजे न कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर तयार झाला, आणि वर मेंढ्या, गाई, घोडे चरतात ते नवीन रोप वाढू देत नाहीत. साताऱ्याच्या माणसाला समजावायला सोपं आहे, कासचं पठार डोळ्यासमोर आणा, तिथे जांभ्यावर माती पातळ म्हणून झाडं नाहीत, फुलं आहेत. इथेही फुलांचा हंगाम आहे. तुम्ही जाल तेव्हा बेल हेदर नावाचं ठेंगणं झुडूप, गडद जांभळं, फुललेलं असेल आणि त्याच्यात बुटकं पिवळं गॉर्स सुरू झालेलं असेल, साध्या हेदरचा फिकट जांभळा रंग मात्र ऑगस्टच्या मध्यात भरतो. गॉर्सला हात लावायला देऊ नका, सगळे काटेच आहेत, पण जवळ जाऊन वास घ्या, ओल्या नारळासारखा येतो. मी पहिल्यांदा तो वास घेतला तेव्हा मला आईचं स्वयंपाकघर आठवलं होतं आणि तेव्हापासून प्रत्येक पाहुण्याला मी त्या झुडपाशी थांबवतोच.

खडकापासून सरळ परत येऊ नका, तेवढ्यासाठी जाण्यात अर्थ नाही. खडकाच्या मागे, ईशान्येला उतरत जाणारी वाट पकडा, दहा मिनिटांत जुनी खाण लागते, कुंपण आहे, छोट्या फाटकातून आत जायचं. आत एकदम वारा थांबतो. बाहेर कानात घोंघावत असतं आणि आत पाऊल टाकलं की शांत, दोन छोटी तळी, कमळाची पानं, आजूबाजूला कापलेल्या दगडाच्या भिंती, पाण्यात गंजलेलं जुनं यंत्र. कितीतरी पाहुण्यांना माथ्यापेक्षा हेच जास्त आवडलंय. आईंना इथे बसवा आणि खायचं इथे काढा. पाणी खोल आणि गार आहे, मुलीचा हात सोडायचा नाही, हे एवढंच.

या खाणीतून निघालेला दगड लंडनला गेला. जॉर्ज टेम्पलर नावाच्या इथल्या जमीनदाराने 1820 मध्ये दगड खाली कालव्यापर्यंत न्यायला ट्रामवे, म्हणजे गाड्या चालवायचा रुळांचा रस्ता, बांधला, आणि लोखंड न वापरता रूळसुद्धा ग्रॅनाइटचेच केले! दगडात एका कडेने खाच कोरलेली, त्यातून गाड्यांची चाकं चालायची. भरलेल्या गाड्या उताराने आपोआप खाली, रिकाम्या गाड्या घोडे ओढून वर. 1831 मध्ये उघडलेल्या लंडन ब्रिजला आणि ब्रिटिश म्युझियमला हा दगड वापरला गेला. तो पूल पुढे 1968 मध्ये विकला गेला आणि त्याचे दगड अमेरिकेत ॲरिझोनाला नेऊन 1971 मध्ये पुन्हा उभा केला. 1858 पर्यंत खाण बंद पडली होती, कॉर्नवॉलचा दगड स्वस्त पडायला लागला म्हणून. पण रूळ अजून तिथेच आहेत, गवतात, कोणी उचलून नेले नाहीत. खाणीतून बाहेर पडल्यावर तुम्हाला ते लागतात. मुलीला त्यावरून चालायला द्या, आणि जिथे एक फाटा फुटतो तिथे दगडात कोरलेला सांधा शोधायला सांगा, सहा वर्षांच्या मुलांना हे काम फार आवडतं आणि पाय दुखतात हे ती विसरतात. तिथून रुंद गवताची वाट डोंगराच्या कडेने पार्किंगकडे वळते. सगळं मिळून तीनेक किलोमीटर, थांबत-बसत दोन तास.

आता धुक्याबद्दल, कारण हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी चार जणांना घेऊन खाणीच्या पलीकडे होतो, स्वच्छ ऊन, आणि चहा संपेपर्यंत पश्चिमेकडून ढग आला आणि वीस पावलांवरचं दिसेना. त्यांच्यातले एक काका लघवीला म्हणून दगडामागे गेले आणि परत येताना उलट्या दिशेला चालायला लागले, हाका मारल्या तर आवाज कुठून येतोय तेच धुक्यात समजत नाही, पाच-सात मिनिटांत सापडले पण ती मिनिटं मी विसरलेलो नाही. तेव्हापासून माझा नियम, ढग खाली येताना दिसला की सगळे एकत्र, हाताच्या अंतरावर, कोणीही बाजूला जायचं नाही. आणि हेटॉर मी पहिल्या दिवसासाठी सांगतो त्याचं खरं कारण हेच आहे, रस्ता खडकाच्या दक्षिणेला आहे आणि खडकापासून एक किलोमीटरच्या आत आहे. काही दिसेनासं झालं तर होकायंत्र धरा, दक्षिणेला चालत राहा, डांबर लागेल. आम्ही त्या दिवशी तसेच उतरलो. डार्टमूरच्या आतल्या भागात, उत्तरेला वगैरे, हीच चूक झाली तर तासन्‌तास काही लागत नाही आणि मध्ये दलदल असते. फोनमधलं होकायंत्र चालतं पण फोनची बॅटरी थंडीत पटकन उतरते, त्यामुळे पाच-सात पौंडांचं साधं होकायंत्र घ्या आणि ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर ओएल 28 नकाशा, मुलीला शिकवायलाही होईल. हेटॉरचा ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरची जागा सांगणारा आकडा, एसएक्स (SX) 757 771, फोनमध्ये लिहून ठेवा, मदत मागायची वेळ आली तर 999 लावून पोलिस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं आणि हा आकडा सांगायचा. मूरवर रेंज ये-जा करते, म्हणून घरून निघायच्या आधीच 999 ला रजिस्टर असा एसएमएस पाठवून त्याचं उत्तर येईल तसं करा, म्हणजे बोलता आलं नाही तरी एसएमएसने मदत मागता येते.

घोडे दिसतील, गाडीशेजारीच उभे असतील. डार्टमूरचे पोनी मोकळे फिरतात पण ते जंगली नाहीत, प्रत्येकाला मालक आहे. त्यांना खायला घालायला कायद्याने बंदी आहे. आपल्या आईवडिलांना हे पटवणं अवघड जातं, मला माहितीये, गाईला चपाती दिल्याशिवाय ज्यांचा घास उतरत नाही त्यांना समोरच्या जनावराला काही न देता निघायचं म्हणजे जिवावर येतं. पण कारण समजावून सांगा, खायला मिळतं म्हणून ते रस्त्यावर येऊन थांबतात आणि गाड्यांखाली मरतात, दर वर्षी मरतात. न देणं हीच त्यांच्यावरची दया. शिवाय चावतात आणि मागून लाथही मारतात, मुलीला लांबून दाखवा. गाई वासरांसकट असतील तर वळसा घालून जा, मधून जाऊ नका. गाडी चालवतानाही, मोकळ्या मूरवर वेगमर्यादा 40 मैल आहे पण मी 30 च्या वर जात नाही, मेंढी कुठून येईल सांगता येत नाही.

गोचीड हा विषय लोक टाळतात, मी टाळणार नाही. उंच नेच्यात म्हणजे ब्रॅकनमध्ये गोचीड असतात आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. उपाय सोपा आहे, वाटेवरून चाला, नेच्यात घुसू नका, मुलीची पँट मोज्यात खोचा, आणि रात्री अंघोळीच्या वेळी सगळ्यांच्या काखा, गुडघ्यामागे, मानेवर, केसांच्या कडेला बघा. चिकटलेला दिसला तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ सावकाश ओढा. रॉकेल, तेल, मीठ, पेटती काडी यातलं काही नको, आपल्याकडचे ते सगळे उपाय इथे नुकसान करतात. पुढच्या काही आठवड्यांत तिथे गोल पसरत जाणारा चट्टा आला किंवा ताप-अंगदुखी आली तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. आईबाबा तोवर भारतात परत गेले असतील तर तिथल्या डॉक्टरांनाही सांगायला लावा, कारण तिथे हा आजार सहसा कोणाच्या मनात येत नाही.

खाणं घरून न्या. थालीपीठ, दशम्या, चिवडा, उकडलेली अंडी, चहाचा थर्मास. चिवड्याची पिशवी वाऱ्यात उघडू नका, डब्यात न्या. डिस्पोजेबल बार्बेक्यू इथे चालत नाही, पेटवूही नका, उन्हाळ्यात हेदर कोरडा असतो आणि पीट पेटलं की जमिनीखालून धुमसत राहतं.

बाबांचा गुडघा त्या दिवशी साथ देत असेल आणि हवा चांगली असेल तर तिथून गाडीने दहा मिनिटांवर हाउंड टॉर आहे, त्याच्यामागे मध्ययुगातल्या ओसाड गावाच्या दगडी भिंती उभ्या आहेत, एकाच छपराखाली एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गुरं राहायची अशी घरं. आपल्या गावाकडच्या जुन्या घरातला गोठा आठवून आईबाबा तिथे रमतात. तिथे उतार थोडा जास्त आहे, त्यामुळे बाबांना बघून ठरवा, त्यांना विचारून नको, विचारलं तर ते होच म्हणणार.

आणि सकाळी उठून डोंगरावर ढग बसलेला दिसला तर जाऊ नका. दुपारपर्यंत थांबा, किंवा सरळ जवळच्या विडिकम गावाला जा, चर्चचा मनोरा बघा, चहा आणि स्कोन घ्या, डेव्हनमध्ये आधी साय आणि वर जॅम लावतात तसं. तुमच्याकडे सात दिवस आहेत, त्यातला एक तरी कोरडा निघतोच. आदल्या रात्री हवामान बघताना टॉर्कीचं नको, मेट ऑफिस या इथल्या हवामान खात्याच्या साइटवर हेटॉर टाकून बघा आणि पावसाच्या आधी वाऱ्याचा आकडा वाचा, झोत ताशी 35 मैलांच्या वर दाखवत असेल तर मी ज्येष्ठांना नेत नाही.